न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यात शिरण्यापूर्वी

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या पाच हजार वर्षं जुन्या थडग्याच्या आत माणसाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यातली काही वाकून, अंग चोरून बोळातून जाण्यात सरतात. काही वेळ दिवे मुद्दाम मालवलेले असतात. उरलेल्या वेळात वीसेक माणसं एका लहानशा दगडी खोलीत दाटीवाटीने उभी असतात. आत फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे घरी जाऊन निवांत बघण्याचीही सोय नाही. डब्लिनमध्ये राहणारी किंवा युरोपच्या दौऱ्यात वाट वाकडी करून तिथे जाणारी मराठी मंडळी परत आल्यावर बहुतेक एकच सांगतात: छान होतं, पण कळायच्या आत संपलं.

तेवढी मिनिटं पुरतात असं माझं ठाम मत आहे. मात्र कुठे बघायचं, कशासाठी बघायचं, हे बाहेरच ठरवून आत शिरायला हवं. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठी.

आधी थोडं समजून घ्या

आयर्लंडच्या पूर्व भागात, डब्लिनच्या उत्तरेला सुमारे 50 किलोमीटरवर बॉइन नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या परिसराला ब्रू ना बोइन्या म्हणतात आणि 1993 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ अशी तीन मोठी थडगी आहेत, शिवाय आजूबाजूला लहान थडगी विखुरलेली आहेत. न्यूग्रेंज बांधलं गेलं इ.स.पू. 3200 च्या सुमारास. म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या सहाएकशे वर्षं आधी, आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात शेतकऱ्यांची पहिली घरं उभी राहिली त्याच्याही दीड हजार वर्षं आधी.

बांधणारे लोक शेतकरी होते. धातू त्यांना माहीत नव्हता, चाकाची गाडी नव्हती. त्यांनी सुमारे 85 मीटर व्यासाची, बारा-तेरा मीटर उंचीची टेकडी रचली. गोटे, माती आणि गवताची ढेकळं यांची ही टेकडी जवळपास एकरभर जागा व्यापते. तिच्या पायथ्याला 97 अजस्र दगड आडवे, एकाला एक लागून बसवलेले आहेत. आग्नेयेला तोंड असलेल्या दारातून 19 मीटर लांबीचा दगडी बोळ आत जातो आणि एका गाभाऱ्यात उघडतो. गाभाऱ्याला समोर, डावीकडे आणि उजवीकडे असे तीन कोनाडे आहेत. त्या कोनाड्यांतल्या उथळ दगडी पात्रांत मृतांच्या अस्थी ठेवत असावेत. उत्खननात निदान पाच माणसांचे अवशेष मिळाले. बहुतेक हाडं जळालेली होती. सोबत मणी, लोलक, हाडाच्या सुया आणि घासून गुळगुळीत केलेल्या दगडी गोट्या होत्या.

व्हिसा आणि तिकीट

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आयर्लंड शेंगेन गटात नाही. फ्रान्स-जर्मनीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनच्या काही व्हिसांवर आयर्लंडलाही जाता येतं, पण त्याला अटी आहेत. आपल्या व्हिसाला ते लागू आहे का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी तपासा.

न्यूग्रेंजला थेट जाऊन दारात उभं राहता येत नाही. सगळा प्रवेश नदीच्या दक्षिण काठावरच्या ब्रू ना बोइन्या अभ्यागत केंद्रातून होतो आणि तिथून ठरलेल्या वेळेच्या बसने थडग्यापाशी नेतात. व्यवस्था ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स या सरकारी खात्याकडे आहे. तिकिटं ऑनलाइन, साधारण महिनाभर आधी खुली होतात. जून ते ऑगस्टमधले शनिवार-रविवार भराभर संपतात, तेव्हा जमल्यास आठवड्याच्या मधला दिवस आणि सकाळची पहिली-दुसरी फेरी घ्या.

तिकिटं अनेक प्रकारची असतात आणि गडबड होते ती इथेच. एक तिकीट फक्त प्रदर्शनाचं असतं. काही तिकिटांत थडगं बाहेरून दाखवतात, काहींत गाभाऱ्यात नेतात, काहींत नाउथही येतं. पैसे भरण्याआधी "गाभाऱ्यात प्रवेश" हे शब्द तिकिटावर आहेत का ते वाचा. आत जायचं असेल तर तेच तिकीट हवं, तिथे जाऊन बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. नाउथसकट मिळत असेल तर तेच घ्या, का ते पुढे सांगतो. नाउथ हिवाळ्यात बंद असतं. आयर्लंडमध्येच राहत असाल तर सरकारी वारसास्थळांसाठीचं वार्षिक हेरिटेज कार्ड परवडतं, पण कार्ड असलं तरी फेरीची वेळ आधी राखून ठेवावीच लागते.

पोहोचणं

स्वतःच्या गाडीने जाताना फोनच्या नकाशात "न्यूग्रेंज" टाकू नका. नकाशा तुम्हाला नदीच्या उत्तर काठावर, थडग्याच्या कुंपणापाशी नेऊन सोडेल आणि तिथून आत घेत नाहीत. "ब्रू ना बोइन्या व्हिजिटर सेंटर" असं टाका, ते डोनोर गावाजवळ आहे. गाडी नसेल तर डब्लिनच्या कॉनली स्थानकातून ड्रॉहेडापर्यंत रेल्वे आणि पुढे टॅक्सी हा सोपा मार्ग. परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा. डब्लिनहून दिवसभराच्या बससहलीही निघतात. त्यांतही गाभाऱ्यात नेतात की नाही हे विचारून घ्या.

फेरीच्या वेळेच्या निदान तासभर आधी पोहोचा. केंद्रातून बाहेर पडून, नदीवरचा पादचारी पूल ओलांडून बसच्या थांब्यापर्यंत चालत जायचं असतं. ज्येष्ठ मंडळी सोबत असली की हे अंतर वाटतं त्याहून जास्त वेळ खातं. बस चुकली तर ती फेरी गेली.

छत्री घेऊ नका. टेकडी उघडी आहे आणि वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपी असलेलं पावसाळी जॅकेट घ्या, ऐन जुलैतही. पायात न घसरणारे बूट हवेत. मोठी सॅक गाभाऱ्यात नेता येत नाही, तेव्हा पाकीट-फोन खिशात मावेल एवढंच सामान ठेवा.

केंद्रात: आतली खोली आधी इथे पाहा

बरेच लोक प्रदर्शनातून झपझप पुढे जातात. मी म्हणेन, सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच. इथे बोळ आणि गाभारा यांची खऱ्या मापाची प्रतिकृती आहे. तिच्यात गर्दी नसते, घाई नसते. कोनाडे कुठे आहेत, छत कसं वर जातं, कोरीव काम कोणत्या दगडावर आहे, हे इथे डोळ्यांत भरून घ्या. घरातल्या ज्येष्ठांना खऱ्या थडग्यात जाणं जमणार नसेल तर त्यांच्यासाठीही ही उत्तम जागा आहे.

कुणी आत जाऊ नये हेही इथेच ठरवा. बोळ अरुंद आहे. दोन्ही बाजूंचे उभे दगड काही ठिकाणी आत कललेले आहेत, तिथे आडवं होऊन सरकावं लागतं, आणि काही भागांत कमरेत वाकून चालावं लागतं. गुडघे किंवा कंबर धरत असेल, दम लागत असेल, तर भिडेखातर आत जाऊ नका. चाकाची खुर्ची आत जात नाही. बंद जागेची भीती असेल पण जायची इच्छाही असेल, तर मार्गदर्शकाला तसं सांगा आणि सर्वांत शेवटी शिरा. शेवटी शिरलेला माणूस दाराच्या सर्वांत जवळ असतो, त्याला कधीही बाहेर पडता येतं. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा की आत थोडा वेळ काळोख होणार आहे आणि तो मुद्दाम केलेला आहे.

बाहेरून: जुनं कोणतं, नवं कोणतं

बसमधून उतरल्यावर समोर दिसते ती पांढरीशुभ्र, जवळजवळ उभी भिंत. ती बघून डोळे दिपतात, पण आत्ता दिसते तशी ती पाच हजार वर्षं उभी नव्हती. 1962 ते 1975 या काळात पुरातत्त्वज्ञ मायकल जे. ओ'केली यांनी इथे उत्खनन केलं. दारासमोर पडलेला पांढऱ्या गारगोटीचा थर त्यांना सापडला. हे दगड मुळात भिंतीत बसवलेले असून ती कोसळली, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्यानुसार ही दर्शनी भिंत पुन्हा उभारली. तिला मागून लोखंड घातलेल्या काँक्रीटचा आधार आहे. गारगोटी मुळात दारासमोरच्या जमिनीवरच पसरलेली असावी, असं मानणारे अभ्यासकही आहेत. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण एवढी उभी भिंत काँक्रीटशिवाय तग धरेल असं तिच्यापुढे उभं राहून वाटत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंचा आत वळलेला काळ्या दगडाचा भाग तर सरळसरळ आधुनिक आहे. पर्यटकांना जायला-यायला जागा हवी म्हणून तो केला.

गारगोटी मात्र अस्सल आहे आणि ती इथली नाही. ती दक्षिणेकडच्या विक्लो डोंगरांतून आणलेली आहे. भिंतीत मधून मधून दिसणारे करडे गोल गोटे उत्तरेकडून आले. पायथ्याचे मोठे दगडही काही किलोमीटरवरून ओढत आणलेले आहेत. एका टेकडीसाठी दोन्ही दिशांहून दगड वाहणाऱ्या या लोकांनी किती माणसं, किती हंगाम कामाला लावले असतील, याचा विचार करत टेकडीला पूर्ण फेरी मारा.

दारासमोर आडवा पडलेला दगड सुमारे तीन मीटर लांब आहे. त्याच्यावर वेटोळी, लाटा आणि शंकरपाळ्यांसारखे चौकोन कोरलेले आहेत. मध्यभागी एक उभी खाच आहे. ती ध्यानात ठेवा आणि चालत टेकडीच्या बरोबर पाठीमागे जा. तिथल्या 52 क्रमांकाच्या दगडावरही तशीच उभी रेघ आणि तसंच दाट कोरीव काम आहे. दोन्ही दगड एकमेकांच्या समोरासमोर, मधे अख्खी टेकडी. बहुतेक गट मागे जातच नाहीत. फेरीच्या आधी किंवा नंतर मिळणारा मोकळा वेळ यासाठी खर्च करा.

आता पुन्हा दाराशी या आणि वर बघा. दाराच्या वर दगडी चौकटीची आणखी एक लहान खिडकी आहे. तिच्या वरच्या तुळईवरही नक्षी आहे. ही खिडकीच इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पण तिचं काम आत गेल्यावर कळेल.

बोळातून

आत शिरताना पायांकडे लक्ष द्या. जमीन हळूहळू चढत जाते आणि गाभाऱ्याची जमीन दारापेक्षा सुमारे 2 मीटर उंच आहे. त्यामुळे दारातून येणारा उजेड बोळात मधेच अडतो, गाभाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. वरच्या खिडकीची पातळी मात्र गाभाऱ्याच्या जमिनीशी जुळते. उजेडासाठी वेगळी वाट ठेवण्याचं कारण हेच.

दगडांना हात लावू नका, टेकू नका. कोरीव काम असलेले दगड बोळातही आहेत, आणि शेकडो हातांच्या घासण्याने ते झिजतात. 1699 मध्ये चार्ल्स कॅम्पबेल या जमीनमालकाची माणसं दगड काढत असताना हे दार उघडकीला आलं. त्यानंतर दोनेकशे वर्षं कुणीही यावं, आत जावं असा मामला होता. त्या काळात लोकांनी कोरलेली नावं आत दिसतील. आपल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर हेच बघून ज्यांचा जीव तुटतो, त्यांना इथेही वाईट वाटेल.

गाभाऱ्यात: या क्रमाने बघा

पहिल्यांदा वर. बाकी सगळं राहिलं तरी चालेल. दगडाच्या लाद्या थरावर थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवत रचत नेल्या आहेत आणि सुमारे 6 मीटर उंचीवर एका दगडाने तोंड बंद केलं आहे. चुना नाही, सिमेंट नाही. हेमाडपंती देवळात नुसत्या वजनावर एकमेकांना धरून बसलेले दगड ज्याने निरखून पाहिलेत, त्याला या छताची ताकद लगेच समजेल. बाहेरच्या भिंतीसारखं हे नव्याने रचलेलं नाही. गाभाऱ्याचं छत मूळचं आहे आणि पाच हजार वर्षं आयरिश पावसाखाली ते कोरडं राहिलं आहे. याचं कारण वरून दिसत नाही. छताच्या लाद्यांमधल्या फटी भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरून बुजवल्या होत्या आणि पाणी बाजूला वाहून जावं म्हणून बोळावरच्या दगडांच्या पाठीवर पन्हळी कोरल्या होत्या. या भाजलेल्या मातीतल्या कोळशावरूनच रेडिओकार्बन पद्धतीने बांधकामाचा काळ ठरवता आला.

मग उजवा कोनाडा. तिन्हींत हाच मोठा आणि सजवलेला. इथे एकात एक ठेवलेली दोन दगडी पात्रं आहेत. थोडं वाकून कोनाड्याच्या छताकडे बघा. तिथे वर्तुळं, वेटोळी, शंकरपाळे यांची गर्दी आहे.

त्यानंतर समोरचा कोनाडा. त्याच्या उजव्या हाताच्या दगडावर एकमेकांत गुंतलेली तीन वेटोळी आहेत. तिन्ही मिळून जेमतेम 30 सेंटीमीटरची असल्याने नुसती नजर फिरवली तर निसटतात. आयर्लंडमध्ये आज अंगठीपासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे दिसणारं हे चिन्ह केल्टिक म्हणून विकलं जातं, पण केल्टिक संस्कृती इथे यायच्या कितीतरी आधी ते या दगडावर कोरलेलं होतं. त्याचा अर्थ काय, याबद्दल मार्गदर्शक दोन-तीन मतं सांगतील. तेव्हा ऐकत ऐकत त्या दगडाजवळ उभं राहायला मिळालं तर उत्तम.

याच खोलीत सापडलेल्या एका पुरुषाच्या हाडातल्या डीएनएचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे आईवडील अगदी जवळच्या रक्ताच्या नात्यातले, भाऊ-बहीण किंवा पालक-अपत्य, होते असं त्यात दिसलं. त्यावरून इथे देवराजांचं घराणं होतं अशा बातम्या गाजल्या. हाडाच्या एका तुकड्यावरून राजघराणं उभं करू नये असा आक्षेप पुढे इतर पुरातत्त्वज्ञांनी घेतला आणि तो मला रास्त वाटतो. मार्गदर्शकाला प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा, चांगली चर्चा होते.

शेवटी दिवे मालवतात. या वेळी डोळे जमिनीवर, बोळाच्या तोंडाशी ठेवा. विजेच्या दिव्याने सूर्यकिरणाची नक्कल करतात आणि एक बारीक पट्टा जमिनीवरून सरकत आत येतो. खरा किरण येतो वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, साधारण 19 ते 23 डिसेंबर. सकाळी नऊच्या जरा आधी उगवता सूर्य वरच्या खिडकीतून आत येतो आणि सुमारे 17 मिनिटं गाभाऱ्यात राहतो. 21 डिसेंबर 1967 ला ओ'केली एकटेच आत बसले होते, तेव्हा त्यांनी हे पाहिलं. उगवता सूर्य आत येतो असं गावातले लोक आधीपासून सांगत असत. ते खरं निघालं.

डिसेंबरची सोडत

खरा किरण आतून बघायचा तर दरवर्षी सोडत निघते. अर्ज फुकट असतो, जगातून कुठूनही करता येतो. हजारो अर्जांतून मोजक्यांची नावं निघतात आणि प्रत्येकाला सोबत एक माणूस नेता येतो. अर्ज जरूर करा, पण त्यावर विसंबून सुट्टीचं नियोजन करू नका. नाव निघालं तरी ढग असतील तर काहीच दिसत नाही, आणि आयर्लंडच्या डिसेंबरात ढग असतातच. गेल्या काही वर्षांत त्या सकाळचं थेट प्रक्षेपणही होतं. आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजत आलेले असतात, तेव्हा घरबसल्या बघता येतं.

नाउथ का चुकवू नये

न्यूग्रेंजला आत शिरता येतं म्हणून सगळे तिथे धावतात. कोरीव काम बघायचं असेल तर मात्र नाउथला तोड नाही. पश्चिम युरोपातल्या महापाषाणांवरच्या कोरीव कामाचा मोठा वाटा या एका टेकडीत आहे. पायथ्याला 127 दगड आहेत आणि त्यांतले बरेच नक्षीदार. ते उघड्यावर आहेत, त्यांच्यापुढे हवा तेवढा वेळ उभं राहता येतं, फोटो घेता येतात. मुख्य टेकडीभोवती लहान थडग्यांची पिल्लावळ आहे. आत पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून असे दोन लांब बोळ आहेत. जॉर्ज ओगन यांनी 1962 पासून चार दशकांहून अधिक काळ इथे काम केलं आणि 1967-68 मध्ये दोन्ही बोळ शोधून काढले. पर्यटकांना बोळात सोडत नाहीत, पण पूर्वेकडच्या खोलीतून आत डोकावता येतं. टेकडीच्या माथ्यावर चढता येतं, आणि न्यूग्रेंज, नदी, शेतं यांचा एकमेकांशी संबंध तिथून नीट दिसतो.

गाडी असेल आणि वेळ उरला असेल तर डाउथला जा. तिथे तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, आत जाता येत नाही. 1847-48 मध्ये केलेल्या धसमुसळ्या खोदकामाने माथ्यावर पडलेला भलामोठा खड्डा तेवढा दिसतो. ओ'केली आणि ओगन यांच्या कामाचं मोल त्या खड्ड्याकडे बघून चांगलं कळतं.

दुसऱ्या दिवशी डब्लिनमध्ये

या थडग्यांत सापडलेल्या काही वस्तू डब्लिनच्या किल्डेर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. प्रवेश फुकट आहे, रविवार-सोमवारच्या वेळा वेगळ्या असतात त्या बघून जा. तिथे नाउथमध्ये मिळालेलं चकमकीच्या दगडाचं गदाशीर्ष शोधा. मुठीत मावेल एवढं, सगळ्या अंगावर वेटोळी आणि शंकरपाळे, मधे दांड्यासाठी आरपार भोक. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना ते आधी दाखवा आणि मग विचारा, लोखंड नसताना हे कसं कोरलं असेल.